पडद्यावरचे हात

मार्गशीर्ष लागला की पन्हाळ्याच्या रस्त्यावर अजूनही उकळत्या उसाच्या रसाचा वास येतो. गुऱ्हाळं आता फार उरली नाहीत. पण एखादं पेटतं, आणि त्याचा तो गोड, किंचित करपल्यासारखा वास थंड हवेत इतका दूर जातो की रिक्षात बसलेला माणूसही बोलणं थांबवून नाक वर करतो. परवा नातीबरोबर तिकडून येताना तो वास आला. गुळाच्या वासानं लोकांना पोळी आठवते, तिळगूळ आठवतो. मला सिनेमा आठवतो. आमच्या ह्यांच्यावर निघालेला.

योगायोग असा की त्याच दुपारी सईनं, म्हणजे माझ्या नातीनं, मला तिच्या लॅपटॉपवर एक सिनेमा दाखवला. कुणा परदेशी रॉक गायकाच्या आयुष्यावरचा. केस खांद्यापर्यंत, अंगात कातडी जाकीट. आधी तो गरीब होता, मग त्याचं नाव झालं, मग दारू आली, दारूच्या मागून आणखी काहीबाही आलं, बायको दारात उभी राहून रडली, त्यानं स्टेजवर गिटार आपटून फोडली, आणि शेवटी माणसांचा समुद्र त्याच्यासमोर हात हलवत राहिला. सई डोळे पुसत होती. म्हणाली, "आजी, तुला नाही आवडला?"

मी म्हटलं, "आवडला की. पण हा मी आधी बघितलाय. त्यातला माणूस शिवाजी पेठेतला होता."

हे, म्हणजे माझे यजमान यशवंत, मोटार रिवाइंडिंगचं काम करायचे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी ती पोत्यात घालून आमच्या दुकानात आणायचे, आणि हे जळकी तार काढून नवी भरून द्यायचे. दुकान सासऱ्यांच्या वेळचं. गिटार मात्र ह्यांची स्वतःची. विकत घेतलेली नव्हे, केलेली. सुताराकडून सागवानाची फळी कापून आणली, तिला दिवसेंदिवस घासून आकार दिला, आणि मोटारीच्या तारा गुंडाळायच्या यंत्रावरच लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून तिचा आवाज पकडणारा भाग तयार केला. जुना रेडिओ उघडून त्याचा अॅम्प्लिफायर केला. आमचं लग्न नवीन होतं. पहिल्यांदा वीज सोडून ह्यांनी तारेवर बोट मारलं, तेव्हा शेजारच्या आक्का घरात काहीतरी कोसळलं म्हणून लेकराला उचलून बाहेर आल्या.

हा आवाज ह्यांनी रेडिओवर ऐकला होता. संध्याकाळी परदेशी केंद्रं लागायची, त्यांच्या खरखरीतून मधेच एखादी गिटार ओरडून जायची. गाण्याचे शब्द ह्यांना कळत नसत. मला थोडे कळायचे, कारण मी शाळेत शिकवत होते, पण मी सांगायला लागले की हे हातानं थांबवायचे. शब्द नकोत, तार ऐक, म्हणायचे. 'रॉक' हा शब्द पेठेत कुणाला ठाऊक नव्हता. लोक म्हणायचे, यशवंता विजेवर वाजवतोय.

रसूलभाई हे ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चामडं मढवायचं काम; हलगी, ढोलकी, तबला. कुठून तरी एक जुना ड्रम मिळवून त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं चामड्याचं पान चढवलं, शेजारी हलगी बांधली, आणि दोघांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला. नाव ठेवलं 'वळीव'. इतर ऑर्केस्ट्रे सिनेमाची गाणी जशीच्या तशी वाजवायचे. हे दोघं मधेच गाणं सोडून द्यायचे. रसूलभाई हलगीचा ठेका धरायचे, कुस्तीच्या मैदानात धरतात तसला, अंगात शिरणारा, आणि त्यावर ह्यांची गिटार सुटायची. पेठेच्या गणपतीपुढं पहिल्यांदा ते वाजवलं तेव्हा म्हातारी माणसं खुर्च्या मागं घेऊन बसली. तालमीतली पोरं मात्र पुढं सरकली. नंतर जोतिबाच्या यात्रेत वाजवलं, आणि डोंगर उतरून घरी आलेल्या ह्यांच्या गिटारच्या भोकाभोकांत गुलाल बसला होता. तो काढताना माझी बोटं दोन दिवस गुलाबी होती. शाळेत मुलांनी विचारलं, बाई, काय झालं? मी अभिमानानं सांगितलं होतं.

मग मुंबई. एका संगीतकारानं ह्यांचं वाजवणं ऐकलं आणि बोलावून घेतलं. हे गेले. सिनेमाच्या गाण्यांत मागं वाजवायचं काम होतं. चांगलं चाललं होतं म्हणतात. पण वर्ष पुरं व्हायच्या आत एका सकाळी हे दारात उभे, खांद्याला गिटार, हातात वळकटी. मी विचारलं, काय झालं? "तिथं दुसऱ्याचं वाजवायला लागतंय," म्हणाले. "आपलं वाजवायला मिळत न्हाय. आलो." हातपाय धुऊन चहा घेतला, आणि दुपारी दुकान उघडलं. ह्यापेक्षा जास्त ह्या गोष्टीत काही नाही. मी बायको होते, मला ठाऊक आहे.

पण ह्याच गोष्टीसाठी सिनेमावाले आले.

सत्तरचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. लांब केसांच्या, गिटारवाल्या पोरांचे सिनेमे तेव्हा चालायला लागले होते, आणि कोल्हापुरात सिनेमा काढणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. दिग्दर्शक पुण्याचे होते, माधवराव. सभ्य माणूस. पायातल्या चपला नीट जुळवून ठेवून घरात आले, पाटावर बसले, आणि मला म्हणाले, "वहिनी, यशवंतरावांच्या आयुष्यावर चित्रपट करतोय. लोकांना कळलं पाहिजे, आपल्या मातीत केवढा कलावंत होता."

'होता' हा शब्द मला तेव्हाच खटकला. हे तिथंच बसले होते, बशीतून चहा पीत.

माधवरावांना मुंबईचं कोडं सुटत नव्हतं. माणूस मुंबईहून स्वतःहून परत येतो, जळक्या मोटारींच्या दुकानात बसतो आणि खूश असतो, हे त्यांना पटेना. काहीतरी घडलं असणार, असं ते फिरून फिरून म्हणत. कुणी धोका दिला का, एखादी बाई होती का. मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं की यशवंतरावांच्या व्यसनाच्या काळात मी कशी उभी राहिले. मी म्हटलं, कसलं व्यसन? चहाचं? त्यावर ते हसले नाहीत. त्यांना वाटलं, बाई झाकतेय.

महिन्याभरानं त्यांनी कथा वाचून दाखवली. त्यात हे मुंबईला जातात, नाव कमावतात, दारूला लागतात, गिटार फोडतात, कोल्हापूरला परत येऊन पन्हाळ्याच्या कड्यावर शेवटचं वाजवतात आणि तिथंच प्राण सोडतात. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत रडत असते.

मला राग आला. ह्यांना आला नाही. "शिनेमा हाय," म्हणाले. "लोकांना पोट भरून बघायला पायजे कायतरी." त्यांना खरा रस होता तो रेकॉर्डिंगमध्ये. आपली गिटार, रसूलभाईंची हलगी, आपलंच वाजवणं, आणि ते गावोगावच्या पडद्यांवरून ऐकू जाणार. मुंबईत जे मिळालं नव्हतं ते घरी चालून आलं होतं. त्यासाठी कथेत मरायलाही त्यांची तयारी होती.

चित्रीकरण हिवाळ्यात सुरू झालं. सकाळी धुकं असायचं, दुपारी ऊन चांगलं कोवळं पडायचं, आणि सगळीकडून गुऱ्हाळांचा तो वास. माझी भूमिका करणारी मुलगी एके दिवशी घरी आली. नाव घेत नाही; पुढं ती संसारात रमली. ती मला म्हणाली, ताई, तुम्ही रडायचा तेव्हा कशा रडायचा, मला दाखवा ना. मी चौथीच्या मुलांचे पेपर तपासत होते. मी तिला खरं सांगितलं. हे ओसरीवर वाजवत बसायचे आणि मी आत पेपर तपासायची. एकच जागा रोज. जोतिबाच्या डोंगरावर ऐकलेल्या हलगीच्या ठेक्यावरून ह्यांनी एक सुरावट बांधली होती, तिच्यात एक तार ओढून सूर वर न्यायचा होता. तो नेमका जिथं पोचायला हवा तिथं पोचत नव्हता. आठवडे गेले. आक्का वैतागल्या. मी भाकरी थापता थापता आतून सांगायची, अजून खाली आहे. हे पुन्हा ओढायचे. अजून खाली. पुन्हा. आणि एक दिवस मी काहीच बोलले नाही, तेव्हा हे उठून आत आले आणि माझ्याकडे बघून नुसते हसले.

मुलीला हे फार आवडलं. तिनं माधवरावांना जाऊन सांगितलं, मला हा प्रसंग करू द्या. त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्या कथेत ती सुरावट हिरोला पन्हाळ्यावर वीज चमकताना सुचते.

सईचा तो परदेशी सिनेमा बघताना मला हेच आठवत होतं. त्या गायकालाही धून अशीच सुचली, चालत्या गाडीत, एका क्षणात. सराव कुठंच नव्हता. बोटांना घट्टे पडलेले दिसले नाहीत, शेजाऱ्यांची कटकट नव्हती. बायको होती, पण तिला कान नव्हते, नुसते डोळे होते, रडायला. वाजवणाऱ्या माणसाचं सगळं सुख आणि सगळा जीव ज्यात असतो, तो वेळ ह्या लोकांना पडद्यावर दाखवता येत नाही. म्हणून ते दारू दाखवतात. पेला कॅमेऱ्यात छान दिसतो.

आमच्या सिनेमाचा हिरो देखणा होता, पण गिटार हातात धरली की काठी धरल्यासारखा वाटायचा. त्याची बोटं तारेवर एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. शेवटी कॅमेरामननं सुचवलं की चेहरा हिरोचा घ्या आणि हात यशवंतरावांचे. तसं ठरलं. हिरोचा कोट ह्यांच्या अंगात, हिरोची अंगठी ह्यांच्या बोटात, आणि कॅमेरा मनगटाखाली. ह्यांचे हात काही नटाचे नव्हते. सोल्डरिंग करताना भाजल्याचे डाग पंजांच्या पाठीवर, नखांत वॉर्निश, डाव्या बोटांची टोकं दगडासारखी. मेकअपवाल्यानं पावडर लावून ते झाकले. वाजवता वाजवता घामानं पावडर उतरली. पुन्हा लावली, पुन्हा उतरली. शेवटी कॅमेरामन म्हणाला, राहू दे, असेच चांगले दिसतात. अशा रीतीनं स्वतःच्या जीवनपटात ह्यांना हातांपुरतं काम मिळालं.

त्या हातांनी एकदा पेलाही धरला. दारूच्या जागी कोरा चहा होता. मी ते बघायला गेले होते. मला ते सहन झालं नाही. मी घरी येऊन जेवण वाढलं आणि बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "चहाच हुता की," हे म्हणाले. मी म्हटलं, बघणाऱ्याला कुठं ठाऊक आहे? माझ्या वर्गातली पोरं बघतील, त्यांचे आईबाप बघतील. हात तर तुमचेच दिसणार. हे आपल्या हातांकडे बघत बसले.

गिटार फोडायचा प्रसंग पन्हाळ्यावर होता. अर्धी पेठ बघायला आली होती, सायकली मारत, गाडीला लोंबकळत. मी अबोला धरूनच गेले होते, पण गेले होते. तटाजवळ धुकं अजून उतरत होतं. माणसं शालीत गुरफटून उभी होती, कुणीतरी शेंगा भाजल्या होत्या. सुतारानं प्लायवूडची एक गिटार करून आणली होती, हुबेहूब ह्यांच्यासारखी, रंगही तोच. आधी हिरोचा चेहरा घेतला. त्यानं केस विस्कटले, ओरडला, झोकांड्या खाल्ल्या. चांगलं केलं त्यानं, खोटं कशाला बोलू. मग कॅमेरा जवळ आणला आणि माधवरावांनी ह्यांना बोलावलं. आता हात. दगडावर आपटायची, एकदम, तुकडे उडाले पाहिजेत.

ह्यांनी कोट घातला, अंगठी घातली. गिटार हातात घेतली. उलटी करून बघितली, आणि खाली ठेवली. ठेवली म्हणजे टेकवली, तारा वर करून, नीट.

"मला हे जमायचं न्हाय," म्हणाले.

माधवरावांना वाटलं, आपटायला जमणार नाही म्हणतायत. ते समजावू लागले. हे मान हलवत राहिले. तेव्हा माधवराव म्हणाले, "यशवंतराव, ही खरी नाही. प्लायवूडची आहे."

"हात खरं हायत की, साहेब."

माधवराव पहिल्यांदा चिडले. म्हणाले, तुम्ही दारूचा पेला धरलात, मरायला तयार झालात, आणि एका खोट्या लाकडाला अडता? सगळा सिनेमा ह्या प्रसंगावर उभा आहे. हे शांतपणे म्हणाले की पेला धरला तेच चुकलं, घरात दोन दिवस कुणी बोलत नाही. पण तो माझ्या पोटात गेला, आणि चहा होता. हे वाद्य आहे. दुसऱ्या कुणाचे हात घ्या. माधवरावांनी शेवटचं सांगितलं: मग श्रेयनामावलीत तुमचं नाव राहणार नाही. वादक म्हणूनही नाही.

हे वाजवणं जगानं आपल्या नावानं ऐकावं, एवढ्यासाठी तर ह्यांनी सगळं गिळलं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी अंगठी काढली, कोट काढला, त्याची घडी घातली आणि माधवरावांच्या हातात दिली. "काढा," म्हणाले. तेवढंच.

मग माधवरावांनी रसूलभाईंना विचारलं, तुम्ही फोडता का. रसूलभाई शेंगा खात उभे होते. ते म्हणाले, माझ्या घरात फुटकं वाद्य आणतात ते जोडायला. आणि पुन्हा शेंगा खायला लागले. अखेरीस सिनेमावाल्यांपैकीच कुणीतरी कोट चढवून ती गिटार फोडली. आम्ही तोवर उतरायला लागलो होतो. मागून लाकूड फुटल्याचा आवाज आला. ह्यांनी वळून बघितलं नाही. मी त्यांच्या हातातली शाल घेऊन त्यांच्या खांद्यावर टाकली आणि विचारलं, चहा घ्यायचा का? बोलले एकदाची, म्हणून हे हसले. रस्त्यात एका गुऱ्हाळावर थांबलो. मोठ्या काहिलीतला उकळता गूळ नुकताच निवायला वाफ्यात ओतला होता. गरम गुळाचा गोळा पानावर घेऊन हे फुंकर घालत खात होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. नाव नसलेला, हात असलेला माणूस. एवढा अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

उन्हाळ्यात सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला शिवाजी पेठ थेटरात उलटली. नावं आली आणि गेली; ह्यांचं नव्हतं. हे माझ्या शेजारी बसले होते. मी मांडीवर हात आवळून बसले होते, कारण पुढच्या रांगेत माझ्या वर्गातली पोरं आईबापांबरोबर होती. पण पडद्यावर पहिल्यांदा ते हात आले, भाजल्याच्या डागांसकट, एवढे मोठे, भिंतीएवढे, आणि ती जोतिबाची सुरावट सुरू झाली, तार ओढली, सूर वर गेला आणि बरोबर तिथं पोचला, तेव्हा थेटरात जी शिट्टी उठली ती हिरोसाठी नव्हती. लोक मागं वळून आमच्याकडे बघत होते. हे खाली बघत होते.

पेल्याच्या प्रसंगात मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला की यशवंता चहा पितोय बघा, आणि सगळे हसले. माझी मूठ सुटली.

मग गिटार फोडायचा प्रसंग आला. हिरो ओरडला, झोकांडला. पडद्यावर हात आले. गोरे, मऊ, कुठं डाग नाही. तालमीतला एक पोरगा उभा राहिला आणि सगळ्यांना सांगितल्यासारखं म्हणाला, "हे हात आपल्या यशवंतदादाचं न्हवं." त्याच्या बाजूनं, मग त्याच्या मागून, माणसं तेच म्हणायला लागली. न्हवं, न्हवं. गिटार फुटली, पण तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

बाहेरगावी तो सिनेमा चालला नाही म्हणतात. कोल्हापुरात तो बरेच दिवस होता. पोरं हात बघायला जायची, सुरावटीला शिट्ट्या मारायची, आणि फोडायचा प्रसंग आला की उठून चहाला बाहेर यायची. माधवराव पुढं एकदा भेटले तेव्हा त्यांनी ह्यांना नमस्कार केला. मनात काही ठेवलेलं दिसलं नाही, दोघांनीही.

सईनं मला विचारलं की आजोबा मग खरे कसे गेले. तिला ते आठवत नाहीत. ती पाळण्यात होती. मी सांगितलं, म्हातारे होऊन, दुपारच्या चहानंतर, आरामखुर्चीत. कडा नव्हता, वारा नव्हता. सिनेमात बसणारच नाही असलं मरण. आणि जगणं तर त्याहूनही न बसणारं. रोज तार गुंडाळणं, रोज तार ओढणं, संध्याकाळी पेठेतल्या पोरांना शिकवणं. पेठेत आज जी मुलं गिटार वाजवतात त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसेल की त्यांच्या उस्तादाचा उस्ताद कोण. मला त्याचं वाईट वाटत नाही. सूर जिथं पोचायचा तिथं पोचतो आहे, मी माझ्या खिडकीतून ऐकते.

सिनेमा लागला त्या आठवड्यातली एक गोष्ट मी सईला सांगितली, तीच इथं सांगते. शाळा सुटल्यावर मी दुकानात डबा घेऊन गेले होते. निपाणीकडचा एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला होता. मोटार खाली ठेवून तो ह्यांच्याकडे बघतच राहिला. चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे.

"मालक," तो म्हणाला, "त्या शिनेमातलं गिटारवालं तुमीच न्हवं?"

ह्यांनी मान न उचलता सांगितलं, व्हय.

तो जरा घोटाळला. "त्यात तर शेवटाला तुमी मेलासा की."

"त्यातलं मेलं, पावणं. तुमची मोटार सांजच्याला मिळंल."

त्यानं विचार केला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि गाडी संध्याकाळचीच होती. डोक्यावरचा पटका सोडून त्यानं मांडीवर ठेवला आणि बाकावर ऐसपैस बसला. "मग बसतो की," म्हणाला. "पर मोटार सवडीनं करा. आधी जरा वाजवा."

ह्यांनी हात पुसले आणि खुंटीवरची गिटार खाली घेतली.